एकच मुलगी, दोन खेळ



भात कापून झाले की त्याच खाचरात, उरलेल्या ओलीवर आपण वाल घेतो. एका जमिनीत दोन पिके घेण्याचे आपल्याला नवल वाटत नाही. पण कॉलेजात जाणारी लेक दोन खेळांत चमकू लागली, की मुरबे काय आणि बोईसर काय, पुष्कळ घरांतून सूर निघतो, "आता खेळ पुरे!"

बास्केटबॉल आणि सॉफ्टबॉल यांचेच पाहा. बास्केटबॉलचे मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद, म्हणजे चार गुंठ्यांहून थोडे अधिक. दोन्हीकडून पाच-पाच मुली खेळतात आणि 10 फूट उंचीवरच्या कड्यात चेंडू टाकतात. सॉफ्टबॉल हा क्रिकेटच्या नात्यातला खेळ. संघात नऊ जणी असतात. चेंडू हात खालून फिरवून टाकायचा आणि फटका मारल्यावर 60-60 फुटांवरचे टप्पे धावत गाठायचे. एकात उडी आणि दम लागतो, दुसऱ्यात नजर, फेक आणि झेल. एकाची मेहनत दुसऱ्याला उपयोगी पडते.

मुंबईच्या डायना एडुलजी यांचे उदाहरण घ्या. रेल्वे वसाहतीत वाढलेल्या डायनाबाई आधी बास्केटबॉल खेळत. त्यात ज्युनियर राष्ट्रीय पातळी गाठून त्या क्रिकेटकडे वळल्या. 1976 मध्ये त्या भारताकडून कसोटी खेळू लागल्या आणि 20 कसोटींत त्यांनी 63 बळी घेतले. 1983 मध्ये अर्जुन पुरस्कार आणि 2002 मध्ये पद्मश्री मिळाली. पालघर-बोईसरला आपण जिची गाडी धरतो, त्या पश्चिम रेल्वेतच त्यांनी नोकरी केली.

"त्या शहरातल्या," असे तुम्ही म्हणाल. मग साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर पाहा. दुष्काळी भाग, शेतकऱ्याचे घर. शाळेत त्या खो-खो खेळल्या, पुढे धावू लागल्या. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या 3000 मीटर शर्यतीची अंतिम फेरी त्यांनी गाठली आणि जगात दहाव्या आल्या.

प्रत्येकीला एवढे यश मिळेलच असे नाही. ढाल मिळाली म्हणजे नोकरी लागली, असेही समजू नका. पण राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी खेळ आणि स्पर्धेची पातळी नियमात बसावी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून करून घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र जपून ठेवा.

आवणीच्या दिवसांत हात कमी पडतात, हे मी जाणतो. तरीही भावाला मैदान आणि बहिणीला गोठा, अशी वाटणी करू नका. कामे दोघांत वाटून द्या. सरावाहून आलेल्या मुलीला नाचणीची भाकरी, डाळ किंवा मासळी पोटभर वाढा. सर्वांचे जेवण उरकल्यावर उरलेसुरले तिच्या ताटात नको. सराव संपायला उशीर होत असेल, तर घरच्या कोणीतरी स्टँडवर जाऊन तिला आणावे.

पुढे कोणता खेळ ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हे तिने आणि तिच्या शिक्षकांनी ठरवावे. तोवर दोन्ही पिके उभी राहू द्या.