जलसंजीवनीत साखर कशासाठी?

घरातील वृद्ध व्यक्तीला जुलाब सुरू झाले की जलसंजीवनीचे पाकीट आणले जाते. परंतु रुग्णास मधुमेह असल्यास ‘त्यात साखर आहे’ म्हणून ते बाजूला ठेवून नुसते मिठाचे पाणी देण्याकडे अनेकांचा कल असतो. ही साखर केवळ चवीसाठी घातलेली नसते. तिचे प्रयोजन समजण्यासाठी आतड्यातील पेशीच्या आवरणाची ओळख करून घ्यावी लागेल.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती पेशीपटल असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी भरते. ते मुख्यतः स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते. त्याचा मधला भाग तेलकट असल्याने मीठ किंवा साखर त्यातून सहजी पार होत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे असतात. ही प्रथिने प्रवाही पटलात तरंगत असतात, अशी मांडणी सिंगर आणि निकोलसन या शास्त्रज्ञांनी 1972 साली केली.

लहान आतड्याच्या पेशींमधील अशा एका दारातून मिठातील सोडियम आणि ग्लुकोज ही जोडीनेच आत शिरतात व त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. 1960 साली रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना मांडली. पटकीसारख्या आजारातही हे दार चालू राहते. म्हणूनच 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून सुमारे 30 टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आणले.

नुसत्या मिठाच्या पाण्याला या दाराचा लाभ मिळत नाही. उलट, गोड सरबत वा शीतपेय दिल्यास न शोषलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणून प्रमाण महत्त्वाचे. एका लिटरच्या जलसंजीवनीत 2.6 ग्रॅम मीठ व 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते. शिवाय पोटॅशियम व सायट्रेटही असते. पाकीट पूर्ण वापरावे आणि त्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात कालवावे. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून द्यावे. तयार पाणी 24 तासांनंतर वापरू नये.

वार्धक्यात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून मागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाजत राहावे. मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा अधिक वेळा तपासावी. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती पाणी द्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या व लघवी वाढविणाऱ्या काही गोळ्या अशा वेळी तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. तो निर्णयही त्यांनाच घेऊ द्यावा. लघवी फार कमी होणे, ग्लानी, असंबद्ध बोलणे, सतत उलट्या किंवा शौचात रक्त दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णालयात नेण्यास विलंब करू नये.