बांधणी शिकवणार कोण?

1854 साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, तो रस्ते, कालवे, पुलांच्या कामावर देखरेख करणारी माणसे सरकारला हवी होती म्हणून. आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचा उगम असा प्रत्यक्ष कामाच्या गरजेतला आहे. पुढे स्थापत्याची पदवी मोठी झाली, तिच्यातले गणित खोल झाले. साइट मात्र काही आठवड्यांच्या प्रशिक्षणापुरती उरली. पुरी झालेली इमारत भार कसा पेलते, हे विद्यार्थी चार वर्षे शिकतो. ती उभी राहत असताना काय काय सांभाळावे लागते, हे त्याला नोकरी लागल्यावर मुकादम शिकवतो. म्हणूनच बांधकाम तंत्रज्ञानाला विद्यापीठात पूर्ण विषयाचे वजन मिळायला हवे.

1 ऑगस्ट 2023 रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि 20 जणांचा जीव गेला. दोष कोणाचा हा चौकशीचा विषय. पण तो पूल तेव्हा बांधला जात होता, हे विसरता येत नाही. सेंट्रिंग, परांची, खोदाईचे आधार, गर्डर लाँचर या रचना काम संपले की काढून नेतात, आणि अभ्यासक्रमातही त्यांना पाहुण्यासारखीच जागा मिळते. काँक्रीटची कथा वेगळी नाही. 28 दिवसांनी क्यूब फोडून ताकद प्रत्येक विद्यार्थ्याने मोजलेली असते. मिक्सरचा ट्रक वाहतुकीत अडकला, काँक्रीट आळू लागले आणि कोणी त्यात पाण्याची नळी सोडली, तर ती कोणत्या अधिकाराने थांबवायची आणि अर्धवट स्लॅब कुठे तोडायचा, हे मात्र त्याला कोणी विचारलेले नसते.

कामाची टंचाई नाही. 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूसाठी अजस्र पोलादी गाळे किनाऱ्यावर जोडून बार्जने समुद्रात नेले गेले; असे काम नियोजन, सुरक्षितता, मोजमाप आणि गुणवत्ता यांतल्या जाणकारांशिवाय होत नाही. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. दुरुस्ती आणि पुनर्विकासाचे हे काम एखादा मोठा प्रकल्प संपला म्हणून थांबणारे नाही.

यासाठी तंत्रनिकेतने आहेतच, असे कोणी म्हणेल. आहेत, पण पदविकाधारकाने साइट सांभाळायची आणि पदवीधराने कागद, ही उतरंडच रोगाचे मूळ आहे. कंपन्या आपली माणसे तयार करतात, हेही खरे. मात्र लहान ठेकेदाराला ते परवडत नाही, आणि बहुतेक घरे तोच बांधतो. सुरुवातीचा पगार संगणक क्षेत्रापेक्षा कमी, बदल्या, ऊन, धूळ, मुलींसाठी स्वच्छतागृहही नाही, हा आक्षेप सर्वांत रास्त आहे. त्याचे उत्तर अभ्यासक्रमात नाही, निविदेत आहे. पात्र साइट अभियंता आणि किमान सोयी यांचा खर्च निविदेतच धरावा, तो वाचवू पाहणाऱ्याचे बिल अडवावे. विद्यापीठांनी एक पूर्ण सत्र साइटवर ठेवून त्याला श्रेयांक द्यावेत. सर्वांत मोठा ग्राहक सरकारच आहे. ते मागेल तसा अभियंता घडेल.