बंदरातील वाट कोणाची?

पावसाळा सरून दर्या निवळला, की गेटवे ऑफ इंडियाच्या पायऱ्यांवर सहलीला निघालेल्या मंडळींची गर्दी उसळते. कोणी घारापुरीची लेणी पाहावयास निघतात, कोणी मांडव्यास उतरून अलिबागची वाट धरतात, तर कोणी नुसतीच बंदरात एक फेरी मारून शहराचे समुद्राकडील दर्शन घेऊ इच्छितात. सकाळी निघून सायंकाळी घरी परतावे, असा हा एका दिवसाचा साधा आनंद आहे. उद्यानात जाणे आणि लाँचीत बसणे यांत आपले लोक फारसा भेद करीत नाहीत. परंतु ज्या पाण्यावरून ही लहानशी बोट जाते ते तळ्याचे पाणी नव्हे. त्याच पाण्यातून जवाहर द्वीपाकडे तेलवाहू जहाजे जातात, न्हावा-शेवा येथील बंदराकडे कंटेनरवाहू जहाजे जातात. तेथेच नौदलाच्या युद्धनौकांची ये-जा असते, मच्छिमारांचे मचवे जाळी टाकून बसलेले असतात, आणि अलीकडे सर्वांच्या मधून श्रीमंतांच्या वेगवान बोटीही धावत असतात. हा रहदारीचा चौक आहे; फरक इतकाच, की या चौकात दिवे नाहीत, पट्टे नाहीत आणि पोलीस क्वचितच दिसतो.

दि. १८ डिसेंबर २०२४ रोजी या चौकात जे घडले ते मुंबईकर विसरलेले नाहीत. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट उरणजवळ करंज्याच्या बाजूस आदळली. इंजिनाची चाचणी चालू असता यंत्रात बिघाड होऊन बोटीवरील नियंत्रण सुटले, असे नौदलाने त्याच दिवशी सांगितले. या अपघातात एकंदर १५ जणांचे प्राण गेले. त्यांत सहलीस निघालेले प्रवासी होते, तसेच वेगवान बोटीवरील माणसेही होती. ‘नीलकमल’वर अनुमत संख्येहून अधिक प्रवासी होते, हेही पाठोपाठ उघडकीस आले. म्हणजे एका अपघातात दोन निरनिराळे दोष एकत्र आले. एकाने टक्कर घडविली. दुसऱ्याने, ती घडल्यावर वाचण्यास जो थोडा अवकाश उरतो, तोही संकुचित केला. या दोहोंची गल्लत होऊ देता कामा नये. प्रवासी अधिक होते म्हणून टक्कर झाली नाही; आणि टक्कर दुसऱ्याच्या हातून झाली म्हणून अधिक प्रवासी भरणे क्षम्य ठरत नाही.

समुद्रावर नियम नाहीत असे कोणी समजू नये. टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेले आंतरराष्ट्रीय नियम भारतासही लागू आहेत, आणि ते विलक्षण शहाणपणाचे आहेत. प्रत्येक नौकेने डोळे व कान उघडे ठेवून सतत टेहळणी करावी. भोवतालची रहदारी व दृश्यता पाहून वेग बेताचा ठेवावा. दोन यांत्रिक नौका एकमेकींची वाट आडवी छेदीत असतील तर जिला दुसरी आपल्या उजव्या हातास दिसते तिने बाजू द्यावी. आणि अरुंद मार्गातूनच ज्यांना सुरक्षितपणे जाता येते अशा मोठ्या जहाजांना २० मीटरांहून लहान नौकांनी अडथळा करू नये. शेवटचा नियम लहान बोटीवर अन्याय करणारा वाटेल. पण भरलेले तेलवाहू जहाज थांबावयाचे म्हटले तर त्यास मैलाहून अधिक अंतर लागते. त्याच्यापुढून ‘आपण लहान, आपण निसटून जाऊ’ असे म्हणत जाणारा सारंग धाडसी नव्हे, अविचारी होय.

परंतु या सर्व नियमांच्या मुळाशी एक गृहीत आहे. दोन्ही नौका आपापल्या सुकाणूच्या आज्ञेत आहेत, हे ते गृहीत. ज्या बोटीचे यंत्र चाचणीवर आहे तिच्याविषयी नेमके हेच गृहीत धरता येत नाही. चाचणी घेणे म्हणजेच यंत्राची खात्री अद्याप पटलेली नाही, याची कबुली देणे होय. ३० नॉटांच्या वेगाने धावणारी बोट सेकंदाला सुमारे १५ मीटर अंतर कापते. तीनशे मीटरांवर असलेल्या लाँचीपर्यंत पोहोचावयास तिला वीस सेकंद पुरतात. प्रवाशांनी भरलेल्या मंद लाँचीच्या तांडेलाने तेवढ्या अवधीत काय करावे? येथे वाट देण्याचा नियम निरुपयोगी आहे. उपयोगी पडते ते केवळ अंतर. म्हणून वेगाच्या चाचण्या प्रवासी वाहतुकीच्या वाटेपासून दूर, आखून दिलेल्या क्षेत्रात आणि जाहीर केलेल्या वेळीच झाल्या पाहिजेत, ही मागणी आम्ही नौदलाविषयी संपूर्ण आदर बाळगून करीत आहोत. जे दल आपल्या किनाऱ्याचे रक्षण करते त्याला या मागणीचे मर्म समजावून सांगावे लागेल, असे आम्हांस वाटत नाही.

मुंबईला हा धडा प्रथमच मिळाला असेही नाही. दि. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोकणातील अनेक घरांत ती आठवण आजही निघते. दि. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी शिवस्मारकाच्या नियोजित जागेकडे निघालेली एक वेगवान बोट खडकावर आदळून एका तरुणाचा बळी गेला. दि. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ ‘अजंठा’ ही प्रवासी बोट बुडू लागली, तेव्हा तिच्यावरील ८८ प्रवासी वाचले ते रायगड पोलिसांची गस्ती बोट वेळेवर जवळ होती म्हणून. शेवटचे उदाहरण आम्ही मुद्दाम देत आहोत. माणसे दैवाने वाचली असे आपण म्हणतो. ती वाचली पाण्यावर हजर असलेल्या एका सरकारी बोटीमुळे. तेथे त्या वेळी ती बोट असणे हा योगायोग न राहता नित्याची व्यवस्था व्हावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

इतर शहरांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. लंडनमध्ये दि. २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे टेम्स नदीत ‘मार्शनेस’ या सहलीच्या बोटीवर ‘बोबेल’ हे गाळ उपसणारे जहाज आदळले आणि ५१ जण मृत्यू पावले. दोन्हीकडील टेहळणी अपुरी होती. आप्तांनी चिकाटी सोडली नाही म्हणूनच पुढे अकरा वर्षांनी न्यायमूर्तींकरवी जाहीर चौकशी झाली. तिचे एक फळ असे, की २००२ सालापासून टेम्सच्या काठी बचाव बोटींची ठाणी रात्रंदिवस सज्ज असतात. आपल्या देशात कोचीने एप्रिल २०२३ मध्ये जलमेट्रो सुरू केली. तेथे धक्क्यावरील फाटकातून तिकीट दाखवूनच बोटीकडे जावे लागते. शिस्त ही परकीयांचीच मिरास आहे, असे म्हणण्यास आता जागा नाही.

मुंबईत अडचण अधिकाऱ्यांच्या अभावाची नाही. त्यांच्या अनेकत्वाची आहे. बंदराची हद्द बंदर प्राधिकरणाची, प्रवासी बोटींची तपासणी सागरी मंडळाची, गस्त पोलिसांची, नौदलाचे क्षेत्र नौदलाचे. यांतील प्रत्येकजण आपल्या कागदापुरता जागरूक असेल. पण सुटीच्या दिवशी सकाळी दहा वाजता, भरलेली लाँच धक्का सोडीत असता, ‘ही बोट सुटणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार व धैर्य असलेला एकच माणूस तेथे कोण, हा खरा प्रश्न आहे. त्या माणसाचे पद ठरवा, त्याच्या हाती प्रवाशांची मोजणी द्या, आणि त्याचा शब्द अखेरचा माना. अपघातानंतर जीवनरक्षक जाकिटांची सक्ती झाली हे योग्यच झाले. परंतु जाकीट अंगावर, बांधलेले आणि मापाचे हवे. लहान मुलाच्या गळ्यात मोठ्या माणसाचे जाकीट अडकविल्याने नियम पाळला जातो, मूल वाचत नाही. याखेरीज प्रवासी बोटींची वाट बोयांनी आखावी, त्या वाटेवर वेगाची मर्यादा असावी, आणि अपघातांच्या चौकशांचे अहवाल लोकांसमोर समग्र ठेवावेत. दोषी कोण एवढेच कळल्याने पुढचा अपघात टळत नाही. तो कसा घडला हे कळावे लागते.

यावर एक आक्षेप येईल. माणसे मोजून घेतली तर फेरीचे उत्पन्न घटेल, भाडे वाढेल, आणि ज्यांच्या खलाशी मुलांची पोटे या धंद्यावर चालतात त्यांचे काय? आक्षेप खोटा नाही, आणि त्याचे ओझे बोटवाल्यांवरच टाकून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. भाडे वाढणार असेल तर ते आपण दिले पाहिजे. शेवटची लाँच भरली असेल तर धक्क्यावर थांबले पाहिजे. ‘आणखी दोघे सामावतील’ असे सारंगाला विनविणारे हात आपलेच असतात, आणि जाकीट घालताना संकोच वाटतो तोही आपल्यालाच. सरकारला जाब विचारण्याचा आपला हक्क निर्विवाद आहे. पण गर्दीत स्वतःहून शिरणाऱ्याचा जाब ऐकणारा मनातून हसतो.

बंदरातील सहली बंद कराव्यात, अशी सूचना प्रत्येक दुर्घटनेनंतर कोणी ना कोणी करतो. ती आम्हांस मान्य नाही. ज्या शहराचा जन्म समुद्रापासून झाला त्या शहरातील मुलांना समुद्र केवळ काठावरून दाखवावा, हे दैन्य होईल. चाकरमान्याच्या कुटुंबाला सुटीच्या दिवशी मोकळी हवा व क्षितिज परवडावे, असे ठिकाण मुंबईत उरले आहे ते हेच. त्या कुटुंबाची लहानशी बोट या बंदरात पाहुणी नव्हे. मोठ्या जहाजांइतकाच आणि युद्धनौकांइतकाच तिचाही या पाण्यावर हक्क आहे. मोठ्यांपुढून बाजूस होण्याचे तिचे कर्तव्य नियमांनी सांगितले आहे. तिला सुखरूप परत आणण्याचे मोठ्यांचे कर्तव्य मात्र अद्याप कोणाच्या एकाच्या नावावर लिहिलेले नाही. ते लिहून घेतल्यावाचून स्वस्थ बसणे म्हणजे पुढच्या दुर्घटनेस आधीच संमती देणे होय.