फसलेला पाठ कोणापुढे मांडायचा?

52 मधून 27 वजा करताना तिसरीतले मूल 35 लिहिते, तेव्हा त्याला वजाबाकी येतच नाही असे नसते. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन वजा केलेले असतात. ही चूक वर्गशिक्षकाच्या डोळ्यांसमोर घडते. तिच्यावरचे प्रशिक्षण मात्र राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला असे उतरत येते आणि दर टप्प्यावर पातळ होते. झरी-जामणी तालुक्यातल्या कोलाम पोडावर (वस्तीवर) ते पोहोचते, तेव्हा घरी कोलामी बोलणाऱ्या मुलापुढे पहिलीचे पुस्तक कसे उघडावे, हा प्रश्न त्यात शिल्लकच नसतो. शिक्षकाचे प्रशिक्षण शाळेतच व्हावे आणि शिक्षक संघटनांनी त्यात पुढाकार घ्यावा, असे आम्हांला म्हणूनच वाटते.

ही मागणी आजची नाही. जवळच्या शाळांनी एकमेकींच्या आधाराने सुधारावे, यासाठी कोठारी आयोगाने (1964-66) शाळा संकुले सुचवली. सेवांतर्गत शिक्षणाची व्यवस्था संघटनांशी विचारविनिमय करून उभारावी, असे युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1966 च्या शिफारशीत आहे. जपानमध्ये तर एकाने पाठ घ्यायचा, सहकाऱ्यांनी मागे बसून मुलांकडे पाहायचे आणि नंतर बोलायचे, ही रीतच पडून गेली. आपल्याकडे 1994 मध्ये जवळच्या शाळांच्या केंद्रासाठी केंद्रप्रमुखाचे पद आले, केंद्र संमेलने भरू लागली, पुढे त्यांची शिक्षण परिषद झाली. जागा तयार होती, पण तिथला वेळ बहुतेकदा परिपत्रके आणि माहितीचे तक्ते खाऊन टाकतात.

संघटनेने वेतन, बदल्या, पेन्शन पाहावे, अध्यापन हे तिचे काम नव्हे, असा आक्षेप येतो. पण विदर्भ माध्यमिक शिक्षक संघ किंवा प्राथमिक शिक्षक समितीसारख्या संघटनांच्या लढ्यांनी शिक्षकाला जी पत मिळाली, तिचाच इथे उपयोग आहे. 'माझा पाठ फसला' हे शिक्षक अधिकाऱ्यापुढे सहसा कबूल करत नाही, कारण तिथे शेरा लिहिला जातो. बरोबरीच्या माणसांत तो ते मोकळेपणी बोलू शकतो. संघटनांमधली चुरस खरी आहे, पण हातच्याच्या वजाबाकीत कसला आला गट? विषयज्ञान कमी पडेल तिथे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने सोबत बसावे, शिकवायला नव्हे, साथीला. द्विशिक्षकी शाळेत सहकाऱ्याचा पाठ पाहताना एक वर्ग उघडा पडतो, ही अडचण मात्र गंभीर आहे. तिथे सगळ्यांनी केंद्रावर जमणेच बरे, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला सांगितलेल्या 50 तासांत या जमण्याचे तास शासनाने धरले पाहिजेत. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच शिक्षण परिषदेत परिपत्रकांआधी एक तास राखून ठेवावा, फळ्यावर 52 वजा 27 मांडावे आणि त्या 35 वर बोलायला सुरुवात करावी.