कपाळाची ठकठक

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. दिवा मालवलेला असतो, घर निजायच्या बेतात असते. आणि शेजारच्या खोलीतून एकसारखा आवाज येऊ लागतो. दीड वर्षाचे मूल अंथरुणात गुडघ्यांवर बसून पलंगाच्या कठड्यावर कपाळ आपटत असते. आई धावते, आजी दृष्ट काढायला मीठमोहरी आणते आणि कुणीतरी सहज बोलून जाते, "आईचे लक्ष नसले की असेच होते." त्या रात्री मुलाच्या कपाळाहून आईचे मनच अधिक दुखावते.

वस्तुतः हे दृश्य अनेक घरांत दिसते. निरोगी बालकांपैकी शेकडा ५ ते २० मुले या सवयीतून जातात. मुलींपेक्षा मुलांत तिचे प्रमाण अधिक असते. साधारणतः ६ ते ९ महिन्यांच्या वयात ती सुरू होते आणि बहुतेकांत ३ ते ४ वर्षांपर्यंत आपोआप ओसरते.

मूल असे का करते? पाळण्याचे हेलकावे किंवा पाठीवरचे थोपटणे जे काम करते, तेच काम ही ठकठक करते. तिच्या लयीत थकलेले मूल स्वतःला निजवते. कधी दात येताना किंवा कान दुखत असताना त्या वेदनेवरून मन वळवण्यासाठी ते डोके आपटते. कधी राग अनावर होतो, पण तो सांगायला शब्द नसतात. आणि डोके आपटताच सारे घर धावून येते, हे एकदा उमगले की तेही एक कारण होऊन बसते.

म्हणून उपायाआधी निरीक्षण हवे. आपटणे झोपेच्या वेळी होते की हट्टाच्या, हे चार दिवस टिपून ठेवावे. झोपेच्या वेळी होत असेल, तर पलंग भिंतीपासून दूर सरकवावा आणि त्याचे स्क्रू घट्ट आहेत ना, हे पाहावे. मात्र एक वर्षाखालील बाळाभोवती उशा व लोड रचू नयेत. मायेपोटी केलेल्या या उपायाने श्वास कोंडण्याचा धोका संभवतो. दिवसा झोका, नाच, टाळ्यांचे खेळ यांतून लयीची भूक भागवावी. रात्री दूध, गोष्ट, अंगाईगीत असा क्रम रोज एकाच वेळी पाळावा.

हट्टाच्या वेळी रागावू नये आणि मागितलेली वस्तूही लगेच हाती देऊ नये. मुलाला मऊ जागी न्यावे, शांतपणे जवळ बसावे आणि "तुला राग आला ना?" असे म्हणून त्याच्या रागाला शब्द द्यावेत. ते शांत असताना मात्र भरपूर लक्ष द्यावे.

काही खुणा दिसल्यास बालरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये: डोक्याला इजा होणे, दिवसभर वारंवार आपटणे, नजरेला नजर न देणे, हाकेला प्रतिसाद नसणे, बोलणे उशिरा येणे किंवा आलेले शब्द हरपणे, झोपेत मोठ्याने घोरणे, अथवा चार वर्षांनंतरही सवय टिकून राहणे. ताप आणि कान ओढणे हे कानाच्या जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. आपटण्याच्या वेळी हाक मारूनही मूल भानावर येत नसेल, तर झटक्यांची शंका तपासून घ्यावी. मोबाईलवर केलेले छोटे चित्रीकरण डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

या खुणा नसतील, तर औषधापेक्षा धीर अधिक कामाचा. हा धीर एकट्या आईने धरावा, अशी अपेक्षा मात्र घराने ठेवू नये. एक रात्र बाबांनी थोपटावे, एक रात्र आजीने ओवी म्हणावी. दोष देणारे तोंड मिटले आणि थोपटणारे हात वाढले, की मुलाबरोबर आईलाही झोप लागते.