बंदुकीची जयंती

आपल्याकडे पुढाऱ्यांच्या जयंत्या होतात, अमेरिकेत बंदुकांच्या. २०११ साली कोल्ट कंपनीच्या १९११ मॉडेल पिस्तुलाची शंभरी भरली, तेव्हा युटा राज्याने ते राज्याचं अधिकृत शस्त्र म्हणून जाहीर करून टाकलं. राज्याचा पक्षी, राज्याचं फूल आणि त्यांच्या पंगतीला राज्याचं पिस्तूल! कंपन्यांनी सोन्याच्या नक्षीच्या शताब्दी आवृत्त्या काढल्या. त्यांच्या बाजारातली रीत ऐकण्यासारखी आहे: पेटी शाबूत हवी, कागद शाबूत हवेत आणि गोळी एकही झाडलेली नको. झाडली की भाव पडला.

मूळ पिस्तुलावर माझा राग नाही. जॉन ब्राउनिंग नावाच्या युटाच्याच कारागिराने ते घडवलं. चाचणीत त्यातून सहा हजार गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही. २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी सैन्याने ते घेतलं आणि १९८५ पर्यंत वापरलं. याच माणसाने सुरू केलेलं आणि त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याने पुरं केलेलं ‘हाय-पॉवर’ पिस्तूल आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात तयार झालं, फौजेच्या आणि पोलिसांच्या कमरेला लागलं. इथे त्याला कोणी सोन्याची वेल काढली नाही. हत्यार कामाचं असतं तेव्हा त्याला तेल लागतं, नक्षी लागत नाही.

कोल्टने मात्र शंभरीची वाट पाहिली नव्हती. पहिल्या महायुद्धाची पन्नाशी साधून, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, याच पिस्तुलाच्या चार स्मरण-आवृत्त्या निघाल्या, चार लढायांच्या नावाने: शातो-थिएरी, बेलो वूड, दुसरी मार्न, म्यूज-आर्गोन. त्यातही साधी, डीलक्स आणि खास डीलक्स अशा पायऱ्या. एकट्या म्यूज-आर्गोनमध्ये सुमारे २६ हजार अमेरिकी पोरं मेली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे आपण पाहिलेत. त्या लोण्याची प्रतवारी लावून विकणारे हेच.

पण त्यांना हसायला आपलं तोंड कुठं आहे? आपण तर त्यांच्यावर ताण केली, आणि तीही खाजगी दुकानदाराने नाही, सरकारी आयुध कारखान्याने. १६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीत ज्या मुलीला पुढे ‘निर्भया’ म्हटलं गेलं तिच्यावर बसमध्ये अत्याचार झाला, २९ तारखेला ती गेली. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या कारखान्याने बायकांसाठी म्हणून रिव्हॉल्वर बाजारात आणलं. नाव ‘निर्भीक’, कोणाच्या आठवणीने ते सांगायला नको. पॉइंट ३२ बोअर, टायटॅनियमचा सांगाडा, वजन अर्धा किलो. घडण जुन्याच वेब्ली आणि स्मिथ अँड वेसनच्या वळणाची. किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये. आणि पेटी? दागिन्यांची असते तशी, मरून रंगाची. मेलेल्या मुलीच्या नावाने हत्यार काढायचं आणि बाईमाणूस म्हटल्यावर ते दागिन्याच्या पेटीत घालायचं, हे ज्याला सुचलं त्याच्या घरी आयाबहिणी होत्या की नाही कोण जाणे. मणिपूरच्या कार्यकर्त्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी तेव्हाच सांगितलं होतं, हा त्या मुलीचा अपमान आहे. ऐकतो कोण?

आता हा हिशोब यवतमाळात मांडून बघा. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,००० रुपये क्विंटल होता. म्हणजे एका रिव्हॉल्वरला तीस क्विंटलांहून थोडा जास्तच कापूस. कोरडवाहू वावरात एकरी पाच क्विंटल धरा, सहा एकरांची पऱ्हाटी गेली. त्यातून बियाणं, फवारणी, वेचाई काढायची नाही. खायचं तर नाहीच. त्याआधी परवाना: पोलिसांची चौकशी, जिवाला धोका आहे हे पटवून देणं, जिल्हादंडाधिकाऱ्याची सही. राळेगावच्या किंवा झरी-जामणीच्या वावरात कमरेला झोळी बांधून दिवसभर वेचणी करणारी बाई किलोवर मजुरी घेते. तिने हे अर्धा किलो लोखंड त्या झोळीत ठेवायचं का? टायटॅनियम म्हणायचं, चुकलं.

बंदूक म्हणजे काय ते आमच्या घराला चांगलं ठाऊक आहे. वडिलांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोर होती. रोही आणि रानडुकरं वावरात शिरली की रात्री जागलीला ती सोबत जायची. बार बहुतेक हवेतच व्हायचा. काडतुसं मोजकी, त्यामुळे पुढे सुतळी बॉम्बवरच भागायचं. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. परत आणताना पावती दाखवायची आणि नळीवर चढलेला गंज घासत बसायचं. खंडेनवमीला ती विळ्या-पावड्यांच्या रांगेत हळदकुंकू लावून घ्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाटात. आणि किल्ली? वडिलांच्या जानव्याला. आई ती बंदूक वर्षातून एकदा पुसायची, तेवढाच तिचा संबंध. घरात हत्यार आलं की ते कोणाच्या हातात राहतं, हे कानपूरच्या साहेबांनी कुठल्याही सासुरवाशिणीला विचारायचं होतं. बाईला मार बसतो तो बहुतेक वेळा घरातल्याच माणसाचा. रिव्हॉल्वर तिच्या नावावर घ्या, किल्ली त्याच्याकडेच जाईल.

त्याच मुलीच्या नावाने २०१३ च्या अर्थसंकल्पात हजार कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला होता. पहिली काही वर्षं त्यातला बराचसा पैसा पडून राहिला. रिव्हॉल्वर मात्र तेरा महिन्यांत तयार.

आणि ती मुलगी त्या बसमध्ये का चढली, हे कुणाला आठवतं? रात्री रिक्षावाले घरापर्यंत यायला तयार नव्हते, म्हणून. तिला हवी होती ती घरी पोचवणारी सरळ गाडी. आमच्या भागात मुलींना शाळेत नेणारी मानव विकासची निळी बस आहे. बारावीपर्यंत पास फुकट. गाडी वेळेवर आली की पोरगी शिकते. चार दिवस लागोपाठ फेरी रद्द झाली की बाप म्हणतो, राहू दे आता, पाहुणे येतच आहेत. फेरी का रद्द झाली म्हणून आगारात विचारायला गेलं की ‘गाडी नादुरुस्त’. स्मारकच काढायचं असेल तर त्या मरून पेटीच्या पैशात आधी ती गाडी दुरुस्त करा.