पाकिटावर नाव काय घालायचं?

मेसच्या मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या विंगमधल्या बारा जणांनी प्रत्येकी १०० रुपये काढले, वर एक रुपया. एकूण १,२०१. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळीच रजेवर गावी जाणार होत्या, आणि आपल्या कारभाराप्रमाणे पाकिटाची आठवण झाली रात्री साडेनऊला. गेटबाहेरचं दुकान बंद!

मग रूम पार्टनरने गादीखालून गेल्या सेमची ड्रॉइंग शीट काढली. कोपऱ्यात लाल शेरा असलेली. म्हणाला, "मागची बाजू कोरी आहे. करू की."

आता इंजिनिअर म्हटल्यावर मापं आलीच. पाचशेची नोट १५० बाय ६६ मिलिमीटर. ए-५ आकाराचा तुकडा घ्यायचा, म्हणजे २१० बाय १४८. रुंदीतून दोन्ही बाजूंना २० सोडले की मध्ये १७० राहतात. उंचीचे भाग तीन : पुढची बाजू ७०, मागची ५४, झाकण २४. बाजूच्या पट्ट्या फक्त पुढच्या भागाला ठेवायच्या, बाकी कापायच्या. शीट जाड असते, नुसती दुमडली तर घडी फाटल्यासारखी दिसते. म्हणून पट्टी लावून संपलेल्या रिफिलने आधी रेघ दाबून घ्यायची. डिंक नव्हता, तर मेसमधून दोन चमचे मैदा आणून पाण्यात शिजवला, खळ तयार. (पातळ लावू नका, कागद सुरकुततो. आमचं पहिलं पाकीट असंच वाया गेलं.)

दुसरं बरं जमलं. मी पेन घेतलं आणि अडलो. नाव काय घालायचं? मुलीचं नाव कुणालाच माहीत नाही. बरं, मावशींचं? तेही नाही. तीन वर्षं त्यांच्या हातच्या पोळ्या खातोय आम्ही!

खाली गेलो. मावशी भांडी आवरत होत्या. विचारलं तर हसल्या, "नाव कशाला? मावशीच लिवा की." पुन्हा विचारल्यावर सांगितलं. आधी मुलीचं, मग थोडं थांबून स्वतःचं. दोन्ही नावं पाकिटावर घातली. इथे लिहीत नाही, त्या लाजतील.

दुकान उघडं असतं तर सोनेरी गणपतीचं, नाणं चिकटवलेलं पाकीट आणलं असतं, त्यावर 'विंगतर्फे' लिहून मोकळे झालो असतो. त्यात वाईट काही नाही, पण तो प्रश्न पडलाच नसता. तयार पाकिटावर शुभेच्छा छापलेल्याच असतात. कोऱ्या कागदावर मात्र काहीतरी आपल्याला लिहावं लागतं, आणि त्यासाठी समोरचं माणूस कोण हे माहीत असावं लागतं. म्हणून माझं मत असं की हॉस्टेलमधून जाणारं प्रत्येक पाकीट आपण हातानेच करावं. मग ते मेसवाल्यांसाठी असो, वॉचमनकाकांसाठी असो की फेअरवेलचं.

काही जण म्हणतील, दहा रुपयांच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप? वेळ कुणाला आहे? मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री गच्चीवर दोन तास गप्पा मारणाऱ्यांनी वेळेचं कारण सांगू नये. पहिल्या पाकिटाला अर्धा तास लागतो, चौथ्याला दहा मिनिटं. आणि कागद? एका ए-१ शीटमधून ए-५ चे सोळा तुकडे निघतात. दर सेमला आपण या शीट्स रद्दीत किलोवर घालतो.

तेव्हा या वेळी रद्दीवाला येण्याआधी प्रत्येक विंगने चार-पाच शीट बाजूला काढाव्यात, एवढीच विनंती. खळ मी शिकवीन. नावं मात्र ज्याची त्याने विचारून यायची.